फोटो मोड : मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममधील छायाचित्रण

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये चालू शर्यत किंवा तिचा रिप्ले मध्येच थांबवून, गाडीभोवती कॅमेरा हवा तसा फिरवून आणि अ‍ॅपर्चर (भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र), शटर (प्रकाश किती वेळ आत सोडायचा हे ठरवणारा पडदा), झूम यांची मूल्ये बदलून स्थिरचित्र काढण्याची जी सोय दिलेली असते, तिला फोटो मोड म्हणतात. या सोयीची परिभाषा जवळजवळ सगळी खऱ्या छायाचित्रणातून घेतलेली आहे. मात्र त्या शब्दांमागे चालणारे काम वेगळे असते. कॅमेऱ्यात प्रकाश भिंगातून सेन्सरवर पडतो, गेममध्ये त्याच प्रकाशाचे गणित केले जाते. खऱ्या कॅमेऱ्यात एक मूल्य बदलले की दुसऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि गेममध्ये बहुधा ती मोजावी लागत नाही, हा या दोहोंमधला सर्वांत महत्त्वाचा भेद होय.

या सोयीला प्रसिद्धी मिळाली ती प्रामुख्याने ‘ग्रान टुरिस्मो ४’ या गेममुळे. काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली पॉलिफनी डिजिटल या जपानी संस्थेने तयार केलेला हा गेम डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. त्यात काढलेले चित्र यूएसबी साधनावर साठवता येई आणि ठरावीक एप्सन प्रिंटरवर छापूनही घेता येई. ‘प्रोजेक्ट गॉथम रेसिंग ३’ (२००५) आणि ‘फोर्झा मोटरस्पोर्ट २’ (२००७) यांनीही ही सोय दिली. पुढे ‘फोर्झा होरायझन २’ (२०१४) मध्ये निरनिराळ्या गाड्यांची छायाचित्रे जमवणे हा खेळाचाच एक भाग झाला.

गेममधला मूळ कॅमेरा हा गणितातला सुईछिद्र कॅमेरा असतो. त्याला भिंग नसते, त्यामुळे जवळचे बोनेट आणि क्षितिजावरचा डोंगर दोन्ही सारखेच रेखीव दिसतात. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर ती मागाहून केली जाते : प्रत्येक चित्रबिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे याची नोंद गेमने ठेवलेली असते, तिच्यावरून तो बिंदू किती पसरवायचा हे ठरते. या नोंदीत एका बिंदूसाठी सहसा एकच अंतर मावते. गाडीच्या काचेतून मागचे झाड दिसत असेल, तर तेथे अंतर काचेचे धरायचे की झाडाचे, असा पेच पडतो. म्हणूनच फोटो मोडमधल्या चित्रात काचा, धूर आणि आरशांच्या कडा यांच्याभोवती पुष्कळदा विचित्र किनार दिसते. भिंगाच्या कडांना पडणारी काळोखी, रंगांची फाटाफूट, उन्हाचे कवडसे हे दोष घालवण्यासाठी भिंग तयार करणाऱ्यांनी शतकभर खटपट केली. गेममध्ये तेच दोष मुद्दाम घातले जातात, कारण त्यांच्यावाचून चित्र डोळ्याला खरे वाटत नाही.

शटरचा भाग मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा जुना रस्ता दौलताबादच्या तटबंदीतील दरवाजातून जातो. त्या कमानीतून एक गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने बाहेर पडते आहे आणि रस्त्याच्या कडेला कोणी कॅमेरा घेऊन उभे आहे, असे धरू. गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. शटर १/१००० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ती जेमतेम १ सेंटिमीटर सरकते. चाकाचे आरे थिजल्यासारखे दिसतात आणि भर रस्त्यातली गाडी उभी केल्यासारखी वाटते. शटर १/६० सेकंदावर आणले, की गाडी सुमारे १८ सेंटिमीटर पुढे जाते आणि ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक तेवढ्यात सुमारे ३५ अंश फिरते. पाच आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमध्ये ७२ अंशांचे अंतर असते. म्हणजे प्रत्येक आरा जवळजवळ निम्मी मोकळी जागा पुसून टाकतो. या वेळी छायाचित्रकाराने गाडीबरोबर कॅमेरा त्याच गतीने वळवला, तर गाडीचे अंग स्पष्ट राहते, चाके फिरती दिसतात आणि कमानीचे काळे दगड आडव्या रेषांत विरघळतात. यालाच पॅनिंग म्हणतात. हाताला सवय नसेल तर दहातली आठ-नऊ चित्रे वाया जातात.

फोटो मोडमध्ये काळ थांबलेला असतो, तरीही प्रत्येक वस्तूचा त्या क्षणाचा वेग गेमला ठाऊक असतो. शटरचा सरकता काटा हलवला, की त्या वेगाच्या दिशेने चित्रबिंदू ताणले जातात. फिरत्या चाकाला हा सरळ ताण पुरत नाही, म्हणून अनेक गेममध्ये वेगवान चाकासाठी आधीच धूसर केलेले रूप वापरतात. काही गेम चित्र टिपताना थोडा वेळ घेऊन अधिक बारकाईने गणित करतात, आणि त्यामुळे खेळताना दिसते त्यापेक्षा टिपलेले चित्र सुबक येते.

आता किमतीचा प्रश्न. चैत्र-वैशाखातल्या दुपारी मराठवाड्यातले ऊन लख्ख असते. अशा उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, १०० ठेवून एफ/१६ आणि सुमारे १/१२५ सेकंद हा मेळ योग्य प्रकाश देतो, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून अ‍ॅपर्चर एफ/२.८ केले (एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), तर प्रकाश ३२ पट वाढतो. चाके फिरती दिसावीत म्हणून शटर १/३० केले, तर तो आणखी ४ पट वाढतो. एकूण १२८ पट जादा प्रकाशात चित्र पांढरेफटक होते. त्यावर भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, लावणे किंवा सूर्य कलण्याची वाट पाहणे, एवढेच उपाय उरतात. अनेक गेममध्ये मात्र या दोन्ही गोष्टी भर दुपारी एकाच वेळी मिळतात आणि उजेड तसूभरही बदलत नाही, कारण तेथे अ‍ॅपर्चर म्हणजे धूसरपणाचे माप आणि शटर म्हणजे ताणाचे माप असते. प्रकाशासाठी वेगळाच काटा असतो. फोटो मोडवर हात बसलेला तरुण जेव्हा लग्नातल्या फुलांनी सजवलेल्या गाडीचे चित्र काढण्यासाठी पहिल्यांदा खरा कॅमेरा धरतो, तेव्हा चौकट, कोन आणि गाडीची बाजू निवडण्यात तो चुकत नाही. अडखळतो तो इथे. या सोयीने चौकटीची दृष्टी उत्तम तयार होते आणि प्रकाशाची शिस्त शिकायची राहून जाते, असे म्हणणे वाजवी ठरेल.

खऱ्या शटरचा आणखी एक गुण गेममध्ये सहसा उतरत नाही. फ्रान्सच्या जाक आंरी लार्तीग यांनी तरुणपणी, १९१२-१३ च्या सुमारास, काढलेल्या शर्यतीच्या मोटारीच्या प्रसिद्ध छायाचित्रात चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेले आहे आणि प्रेक्षक उलट दिशेला कललेले आहेत. त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट चित्र उमटणाऱ्या काचेवरून हळूहळू सरकत होती आणि लार्तीग कॅमेरा वळवत होते, परंतु गाडीइतक्या वेगाने नव्हे. आजच्या मोबाइलमधला सेन्सरही ओळीमागून ओळ वाचतो, त्यामुळे धावत्या बसच्या खिडकीतून काढलेले विजेचे खांब तिरपे येतात. सर्व चित्रबिंदू एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटर पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या, सेन्सरवर प्रथम आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ III या कॅमेऱ्यात. गेममधला कॅमेरा पहिल्यापासूनच सगळी चौकट एका क्षणी पाहतो. हा टप्पा खऱ्या कॅमेऱ्याने इतक्या उशिरा गाठला.

उलट दिशेची देवाणघेवाणही झाली आहे. ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’ (२०१७) मधील ‘स्केप्स’ या सोयीत जगातल्या हजाराहून अधिक ठिकाणांची खरी छायाचित्रे वापरली आहेत. २०२२ च्या ‘ग्रान टुरिस्मो ७’ मध्ये ही संख्या अडीच हजारांच्या वर गेली. प्रत्येक छायाचित्रासोबत तेथील उजेडाची तीव्रता आणि वस्तूंची अंतरे नोंदलेली असल्यामुळे आणून ठेवलेल्या गाडीवर त्या जागेचाच प्रकाश पडतो आणि ती खांबामागे उभी केली तर खांबाआड जाते. ‘फोर्झा होरायझन ३’ (२०१६) साठी ऑस्ट्रेलियातले आकाश खऱ्या कॅमेऱ्यांनी टिपून गेममध्ये आणले गेले. मोबाइलनेही गेमची युक्ती उचलली : २०१६ च्या आयफोन ७ प्लसमधील पोर्ट्रेट मोड दोन भिंगांच्या साहाय्याने अंतराचा नकाशा तयार करतो आणि पार्श्वभूमी गणिताने धूसर करतो. केसांच्या बटेभोवती किंवा चष्म्याच्या काचेपाशी त्यात दिसणारी चूक फोटो मोडमधल्या काचेच्या किनारीची सख्खी बहीण आहे.

उजेड मोजण्यात मात्र दोन्हीकडचे कॅमेरे सारखेच फसतात. दौलताबादच्या काळ्या बेसाल्टपुढे पांढरी गाडी उभी केली, की आपोआप उजेड ठरवणारा कॅमेरा चौकटीतला बहुतांश भाग काळा पाहून प्रकाश वाढवतो, आणि बोनेटवरच्या साऱ्या कडा पांढऱ्या रंगात बुडून जातात. गेममधली स्वयंचलित प्रकाशजुळणीही चौकटीची सरासरीच काढत असल्याने अंधाऱ्या बोगद्यातून पाहताना बाहेरचा रस्ता तसाच पांढरा पडतो. दोन्हीकडे उपाय एकच : उजेड एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) हाताने कमी करावा.

मराठवाड्यात वेगाच्या छायाचित्रणाची खरी परीक्षा शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेल्या परवानगीनंतर महाराष्ट्रात बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ च्या निकालाने त्या कायद्याने टिकल्या. जोडी सुटते, काही सेकंदांत समोरून निघून जाते. खुरांमागे उठलेली माती उन्हात पिवळी होते, आणि आपोआप फोकस करणारा कॅमेरा बैलांना सोडून त्या धुळीलाच धरून बसतो. सरावलेला छायाचित्रकार म्हणून जोडी यायच्या आधीच धावपट्टीच्या कडेच्या एखाद्या दगडावर फोकस पक्का करून ठेवतो आणि बैल त्या दगडाशी येताच बटण दाबतो. फोटो मोडमध्ये हीच धूळ हवी तितका वेळ हवेत थांबवता येते आणि रिप्ले मागे नेऊन तीच वळणे पुन्हा पाहता येतात. पटावर मात्र ती जोडी पुन्हा त्याच उजेडात धावत नाही.