दोन लिप्या आणि एकच ‘क’: बेळगाव सीमाभागातल्या ब्रेलची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी शाळेत शिकलेल्या डोळस मुलाला कन्नड वाचायचं तर नवी लिपी पहिल्यापासून गिरवावी लागते. माझ्यासारख्या अंध मुलाला ती गिरवावी लागत नाही. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा उठावदार ठिपक्यांच्या चौकटीतून बनतं: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. मराठी ‘क’ म्हणजे १ आणि ३ क्रमांकाचे ठिपके, कन्नडचा ‘क’ही तोच. ‘ळ’ म्हणजे ४-५-६, दोन्हीकडे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ वेगळे असतात, तेवढी दोन चिन्हं नव्यानं लक्षात ठेवायची. भाषा अर्थातच शिकावी लागते, पण अक्षरं बोटांना आधीच ठाऊक असतात.

हे आपोआप घडलेलं नाही. लुई ब्रेलनं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची पद्धत बसवली ती फ्रेंचसाठी. भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली, मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी शाळा काढली. जिथे शाळा निघाली तिथल्या मंडळींनी आपापल्या परीनं ठिपके जुळवले, त्यामुळे एका ठिकाणचं पुस्तक दुसरीकडच्या अंध माणसाच्या हाती आलं तरी वाचता येईना. १९४९ मध्ये भारत सरकारनं हा गुंता युनेस्कोपुढे मांडला. ते काम ज्यांनी पुढे नेलं ते न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेन्झी स्वतः पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले होते. १९५१ मध्ये बैरूतच्या बैठकीनंतर भारती ब्रेल ठरलं. नियम असा की भारतीय भाषांमध्ये ज्या अक्षराचा उच्चार एक, त्याचे ठिपकेही एक, आणि जमेल तिथे ते रोमन अक्षराच्या ठिपक्यांशी जुळते घ्यायचे. म्हणून आपला ‘क’ हाच इंग्रजीचा ‘के’. त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झालं.

तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. पाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्याला जोडला गेला. त्याचं दुःख आमच्या घरात तीन पिढ्या आहे आणि ते मी झाकून ठेवत नाही. पण ब्रेलच्या बाबतीत आमचं नशीब चांगलं, कारण हद्द आखली जाण्याआधीच ठिपके ठरून गेले होते.

पुढची काही दशकं कागदाची. पाटी आणि टोचणी घेऊन उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरं टोचायची, मग कागद पालटून डावीकडून वाचायचं. छापील एक पुस्तक ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंडांचं होतं. म्हणून कॉम्प्युटर बोलू लागला तेव्हा आम्ही सगळे आवाजाकडे धावलो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला आणि तो मुक्त (कोड सर्वांना खुला) आणि फुकट ठेवला. तोवर विंडोजवरचा चांगला स्क्रीन रीडर विकत घेणं आमच्याकडच्या शेतकरी घराच्या आवाक्यातलं नव्हतं. जोनाथन डडिंग्टन यांच्या ईस्पीक या मुक्त इंजिनातून निघणारा आवाज यंत्रासारखा कोरडा, पण त्याला मराठी येते आणि कन्नडही.

आवाजाचं ऋण मोठं आहे. तरी त्यानं शुद्धलेखन शिकवलं नाही, हे माझं ठाम मत आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. ठिपक्यांत ‘इ’ म्हणजे २-४ आणि ‘ई’ म्हणजे ३-५, बोटाखाली फरक लपत नाही. नुसतं ऐकून पदवीधर झालेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांना अर्ज लिहिताना वेलांटी कुठली याची खात्री नसते. यात त्यांची चूक नाही, त्यांच्या हातात वाचायला काही दिलंच नव्हतं.

ते हातात देणारं यंत्र म्हणजे ब्रेल डिस्प्ले. कीबोर्डच्या पुढे ठेवायची एक पट्टी. त्यात बहुधा ४० सेल, म्हणजे अक्षरांच्या जागा, प्रत्येकात ८ ठिपके, म्हणजे ३२० पिना. नेहमीच्या डिस्प्लेत प्रत्येक पिनेखाली चिनी मातीसारख्या पदार्थाची बारीक पट्टी असते. तिला साधारण २०० व्होल्ट मिळाले की ती वाकते आणि पिन वर उचलली जाते. खालचे दोन जादा ठिपके कर्सर कुठे आहे ते दाखवतात. इतक्या पट्ट्या बसवायच्या म्हणून किंमत लाखाच्या पुढे जाते. २० सेलचं स्वस्त ऑर्बिट रीडर २०१६ मध्ये जाहीर झालं, २०१९ मध्ये आयआयटी दिल्लीनं डॉटबुक हे असंच यंत्र आणलं. तरीही आमच्या तालुक्यात डिस्प्ले हाताळलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच.

या पट्टीवर मराठी उमटते ती मात्र पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरच्या जिवावर. १९९५ मध्ये निखिल नायर यांनी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळ्या पडद्यावरचा मजकूर ब्रेल डिस्प्लेवर आणणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम लिहिला, पुढे डेव्ह मिल्के आणि इतरांनी तो वाढवला. त्यातल्या भाषांतराच्या भागावरून जॉन बॉयर यांनी २००२ मध्ये लिबलुई हे मजकूर ब्रेलमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर काढलं. बॉयर यांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. लिबलुईत दर भाषेचं एक टेबल, म्हणजे साधी मजकुराची फाइल. एका ओळीत अक्षर, त्यापुढे ठिपक्यांचे क्रमांक. मराठीची आहे तशी कन्नडचीही आहे, आणि चूक सापडली तर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. एनव्हीडीए आणि लिनक्सवरचा स्क्रीन रीडर ऑर्का, दोघंही हीच टेबलं वापरतात.

अडचण उरते ती मजकुराची. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी आणि कन्नडला वेगवेगळे कप्पे असले तरी अक्षरांचा क्रम समांतर आहे, त्यामुळे मशिनला ते सहज पेलतं. पण युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की डोळस माणसाला कन्नड किंवा मराठी दिसतं, माझ्या बोटाखाली रोमन अक्षरांचा कचरा येतो, कारण आत खरोखर तीच अक्षरं साठवलेली असतात. जमिनीचा उतारा स्कॅन करून चित्र म्हणून पाठवला तर तेवढंही येत नाही. नुसती कोरी पट्टी.

लिहिण्याची बाजूही पाहायला हवी. वाचताना ‘क’ एकच, पण लिहिताना १-३ दाबल्यावर मशिननं देवनागरी ‘क’ लिहायचा, कन्नड लिहायचा की इंग्रजी ‘के’? ते सांगायला इनपुट टेबल आधी निवडावं लागतं. कन्नड अर्जाला बसताना मराठी टेबल तसंच राहिलं तर सगळा अर्ज देवनागरीत तयार होतो. पट्टीवर पुन्हा वाचला तरी शब्द बरोबर, ठिपके बरोबर, ईस्पीकही मराठी आवाजात तो वाचून दाखवतं. लिपी चुकल्याचं कचेरीतला कारकून सांगतो तेव्हा कळतं. म्हणून आता प्रिंट काढण्याआधी मी कर्सर पहिल्या अक्षरावर नेतो आणि त्याचा युनिकोड क्रमांक तपासतो: ०९ ने सुरू झाला तर देवनागरी, ०सी ने सुरू झाला तर कन्नड.