त्वरक मोडीत काढताना साहित्य नियंत्रणमुक्तीचा अर्ज: तो परत का येतो

बंद केलेल्या कणत्वरकातले चुंबक, केबली, शिसे किंवा काँक्रीट किरणोत्सारी झालेले असू शकते. ते भंगारात द्यायचे तर आधी नियामकाची मंजुरी, म्हणजे नियंत्रणमुक्ती, लागते. अर्ज परवानाधारक संस्थेनेच करायचा, तोडकामाच्या ठेकेदाराने नाही. खोल्यांचा नकाशा आणि वस्तूंची यादी जोडणे सोपे असते.

गाडी अडते ती यंत्राच्या इतिहासाशी. झोत कोणत्या कणांचा, किती ऊर्जेचा, किती प्रवाहाचा, किती तास चालला आणि वाटेत कुठे सांडायचा, हे सारे विचारले जाते. जुन्या यंत्राच्या अशा सलग नोंदी बहुधा कुणाकडेच नसतात. लॉगबुके आणि दुरुस्तीच्या फायली धुंडाळून जमेल तेवढे गोळा करा. जिथे नोंद नाही, तिथे जास्तीत जास्त ऊर्जा आणि प्रवाह धरा आणि तसे धरल्याचे स्पष्ट लिहा.

‘मीटरवर काहीच दिसत नाही’ हा पुरावा होत नाही. ट्रिटियम आणि लोह-५५ हे किरणोत्सारी अणू हातातल्या साध्या मीटरला दिसतच नाहीत. पुसून घेतलेला नमुना फक्त वरची सैल धूळ दाखवतो. इथली किरणोत्सारिता मात्र धातूच्या आत तयार झालेली असते. पोलादातला किंचित कोबाल्ट न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० होतो, काँक्रीटमधल्या युरोपियमचे युरोपियम-१५२ होते. म्हणून मूळ धातूचे रासायनिक विश्लेषण आणि गॅमा स्पेक्ट्रोमेट्री (गॅमा किरणांवरून कोणता किरणोत्सारी अणू किती आहे ते मोजणे), दोन्ही जोडा. मोजणी त्वरकाच्या बोगद्यात करू नका. तिथल्या आधीच्याच किरणोत्साराच्या पार्श्वभूमीत क्षीण संकेत बुडून जातो.

अर्ज बेरजेतही पडतात, आणि ही चूक खरोखर टाळता येण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकात मोठ्या प्रमाणातल्या घन साहित्यासाठी कोबाल्ट-६० आणि युरोपियम-१५२ यांची मर्यादा प्रत्येकी ग्रॅममागे ०.१ बेकरेल (किरणोत्सारितेचे एकक) आहे. नमुन्यात दोन्ही ०.०६ निघाले, तर सुटे सुटे दोन्ही मर्यादेत. पण मोजलेला आकडा भागिले मर्यादा, अशा गुणोत्तरांची बेरीज ०.६ अधिक ०.६ म्हणजे १.२, आणि ती १ च्या वर चालत नाही. स्वच्छ माल मिसळून सरासरी खाली आणणेही मान्य नाही. आपल्या नियामकाचे आकडे वेगळे असतील, तर तेच धरा.

थंड होण्याची, म्हणजे किरणोत्सारिता ओसरण्याची, मुदत शेवटचा झोत थांबला त्या दिवसापासून मोजतात, परवाना संपल्यापासून नाही. दोन वर्षांत मँगनीज-५४ सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते, पण कोबाल्ट-६० जेमतेम चौथाईने घटते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, ५.२७ वर्षांचे आहे. तेव्हा झोत अडवणारे ठोकळे आणि कॉलिमेटर (झोत अरुंद करणारे भाग) पहिल्याच दिवशी वेगळे काढा, त्यांची स्वतंत्र यादी करून साठवणुकीसाठी वेगळा अर्ज द्या. एका गरम, म्हणजे जास्त किरणोत्सारी, तुकड्यापायी संपूर्ण लॉट अडकतो.