शिकारीतील श्रवणसंरक्षण

शिकारीतील श्रवणसंरक्षण : बंदुकीने शिकार करताना बाराच्या (गोळी सुटण्याच्या) आवाजापासून कान वाचवण्यासाठी कानात घालायचा इअरप्लग, कानावर चढवायचा इअरमफ किंवा बंदुकीच्या नळीला लावायचा सायलेन्सर वापरण्याची पद्धत. नेमबाजीच्या मैदानावर कान झाकल्याशिवाय कोणी चापाला बोट लावत नाही. रानात मात्र तोच माणूस कान उघडे ठेवून फिरतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बीव्हर डॅम येथील मध्यमवयीन व वृद्ध लोकांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. आधीच्या वर्षभरात एकदाही कानांना संरक्षण न घेतलेल्यांचे प्रमाण त्यात लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांमध्ये ३८ टक्के होते, तर शिकाऱ्यांमध्ये ९५ टक्के.

शिकारी कान उघडे ठेवतो तो निव्वळ बेफिकिरीने नव्हे. पाचोळ्यावर पडलेले खूर, मोडलेली काटकी, मागून चालणाऱ्या सोबत्याची हाक हे सगळे त्याला ऐकू यायला हवे. हरीण कुठल्या बाजूने येते आहे हे बऱ्याचदा डोळ्यांआधी कानांना कळते. कान बंद केले की जनावर तर हुकतेच, शिवाय माणूस कुठे उभा आहे याचा अंदाज चुकून अपघात होण्याची भीती असते. दुसरा मुद्दा संख्येचा : मैदानावर शंभर बार निघतात, रानात अख्ख्या दिवसात एखादा. पहिला मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर शोधावेच लागते. दुसरा मात्र आवाजाच्या स्वरूपाविषयीच्या गैरसमजातून आलेला आहे.

कारखान्यातील गोंगाट कानाला हळूहळू झिजवतो. त्यासाठी आठ तासांचे काम आणि ८५ डेसिबेल असा हिशेब अमेरिकेत व इतरत्र लावला जातो. बंदुकीच्या बाराला हा हिशेब लागू पडत नाही. तो काही मिलिसेकंदांचा दाबाचा धक्का असतो आणि त्याचे मोजमाप त्याच्या शिखरावर होते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा धक्क्यासाठी प्रौढांना १४० आणि मुलांना १२० डेसिबेलची मर्यादा सुचवली आहे. पॉइंट २२ ची रायफल, जिला शिकारी हलके हत्यार समजतात, १४० च्या आसपास जाते. बारा बोअरची बंदूक आणि मोठ्या काडतुसाच्या रायफली साधारण १५० ते १७० च्या पट्ट्यात येतात. डेसिबेलमध्ये २० ची वाढ म्हणजे दाब दहापट. १४० डेसिबेलला कानावर २०० पास्कल दाब येतो, १६० ला २,००० पास्कल. म्हणून ‘एकच तर बार’ या म्हणण्याला फारसा आधार उरत नाही. मोठ्या रायफलीचा एक बारसुद्धा कायमची इजा करू शकतो.

कानाला स्वतःचा बचाव असतो, पण तो इथे उशिरा पोचतो. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला इवलासा स्नायू आखडून हाडांच्या साखळीला आवरतो, मात्र त्याला जागे व्हायला अनेक मिलिसेकंद लागतात. तोवर बाराचा धक्का कॉक्लिआत, म्हणजे आंतरकर्णातल्या शंखाच्या आकाराच्या नळीत, उतरून गेलेला असतो. तिथे प्रत्येक कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२,००० केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बार काढल्यावर कानात दडे बसतात, गुणगुण सुरू होते आणि एकदोन दिवसांत सगळे निवळले असे वाटते. २००९ साली अमेरिकन संशोधक कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवले की ऐकण्याचा उंबरठा पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले सांधे तुटलेलेच राहू शकतात. निवळले म्हणजे बरे झाले, असे धरून चालता येत नाही.

नेम धरलेल्या शिकाऱ्याला बाराचा आवाज बहुधा मोठा वाटतही नाही. सगळे लक्ष जनावरावर असते. पण कॉक्लिआला लक्ष कुठे आहे याच्याशी देणेघेणे नसते.

नुकसान कुठल्या स्वरांचे होते, हा या विषयाचा गाभा आहे. पहिला घाव ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यावर पडतो. बोलण्यातली ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने ओळखायला वरचे स्वर लागतात. पाचोळ्याची सळसळ आणि काटकीचा कडक आवाज यांतही त्यांचाच भरणा असतो. ज्या श्रवणासाठी शिकारी कान उघडे ठेवतो, नेमके तेच श्रवण उघड्या कानांनी काढलेल्या बारांत जाते. बीव्हर डॅमच्या पाहणीत शिकारीच्या दर पाच वर्षांमागे वरच्या स्वरांतील लक्षणीय श्रवणदोषाची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान जास्त जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

बार काढणाऱ्यापेक्षा शेजारच्याची अवस्था काही वेळा वाईट होते. खांद्याला बसणारा धक्का कमी करण्यासाठी नळीला लावलेला मझल ब्रेक वायू बाजूला आणि मागे फेकतो, म्हणजे सोबत्याच्याच अंगावर. बदकांच्या शिकारीत तिघेचौघे एकाच आडोशात खेटून बसतात. पेटीसारख्या बंद मचाणात भिंतींवरून आवाज परततो. मराठी वाचकाला परिचित असलेले जिम कॉर्बेट यांच्यावर हा प्रसंग गुदरला होता. १९२९ साली तराईत हत्तींवरून चाललेल्या शिकारीत दुसऱ्याच्या जड रायफलीचा बार त्यांच्या कानाशी उडाला आणि पडदा फाटला. त्यानंतर काही आठवड्यांनी ते कुमाऊँतील तल्ला देशच्या नरभक्षक वाघांमागे गेले ते कानातल्या गळवाच्या वेदना सोसत.

साधनांत सर्वांत स्वस्त आणि नीट घातले तर भरवशाचा आहे तो फोमचा इअरप्लग. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. आरशात समोरून पाहिले तर त्याचे टोक जेमतेम दिसायला हवे. अर्धवट बाहेर राहिलेला प्लग पाकिटावर छापलेल्या डेसिबेलच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी. मोठ्या रायफलींसाठी प्लग आणि त्यावर मफ असे दुहेरी संरक्षण अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था नायॉश सुचवते. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज मात्र होत नाही, दुसऱ्या थराने साधारण पाचेक डेसिबेलच पदरात पडतात.

‘मला ऐकू यायला हवे’ या आक्षेपाला खरे उत्तर इलेक्ट्रॉनिक मफने दिले. त्याच्या बाहेरच्या मायक्रोफोनातून बारीक आवाज वाढवून आत येतात आणि मोठा आवाज आला की पुरवठा तत्क्षणी दाबला जातो. बसून वाट पाहणाऱ्या शिकाऱ्याला तो एरवीपेक्षा जास्तच ऐकवतो. उणिवाही आहेत : वाऱ्याचा खरखराट वाढतो, स्वतःची पावले कानात वाजतात, आवाज पुढून आला की मागून हे कळायला जड जाते. चष्म्याची काडी मफच्या गादीखाली फट पाडते. जाड मफ रायफलीच्या दस्त्याला अडतो आणि गाल टेकताना कानावरून सरकतो, म्हणून रायफलवाल्यांनी अरुंद पेल्याचा मफ घेतलेला बरा. गळ्यात अडकवलेला मफ तर न आणल्यासारखाच, कारण जनावर दिसल्यावर तो चढवायला वेळ मिळत नाही. लहानशा छिद्रातून हळू आवाज आत सोडणारे आणि मोठ्या दाबाला अडवणारे बिनबॅटरीचे प्लगही मिळतात.

सायलेन्सर आवाज मुळाशीच कमी करतो, साधारण २० ते ३५ डेसिबेलने. त्यामुळे सोबती आणि शिकारी कुत्रा यांचेही कान वाचतात. कुत्र्याला मफ घालून रानात सोडता येत नाही, हे विसरले जाते. सायलेन्सर लावला तरी ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका उरतोच, म्हणून कान झाकणे सुटत नाही. हायरम पर्सी मॅक्सिम यांना अमेरिकेत १९०९ साली सायलेन्सरचे पेटंट मिळाले. त्यांचे वडील हायरम मॅक्सिम, मशिनगनचे जनक, आपल्याच बंदुकांच्या आवाजाने उतारवयात बहिरे झाले होते. अमेरिकेने १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लादला. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला, नोंदणी राहिली. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास लावतात आणि शेजाऱ्यांविषयीचे सौजन्य मानतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपली. तरी प्रश्न संपलेला नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ खाली परवानगीने प्राणी मारले जातात, आणि कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या एकनळी किंवा ठासणीच्या बंदुका अनेक घरांत आहेत. रानडुकरे पळवायला रात्री हवेत काढलेला बारही कानाला तितकाच लागतो. ठासणीच्या बंदुकीचा आवाज जाड, भरदार, त्यामुळे सौम्य वाटतो, पण धोक्याची मर्यादा तोही ओलांडतो. भारतीय शस्त्र कायदा, १९५९ आवाज कमी करणाऱ्या जोडणीलाही अग्निशस्त्रच समजतो. त्यामुळे शेतकऱ्याला खुला मार्ग इअरप्लग आणि मफचा. काही रुपयांना मिळणारा फोमचा प्लग शेताच्या माचीवर बसण्याआधीच कानात असायला हवा.

बारानंतर दडे किंवा कर्णनाद दुसऱ्या दिवशीही टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जावे. सुरुवातीच्या दिवसांत काही वेळा स्टिरॉइड दिले जाते, लाभ होईलच याची खात्री नसते. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या, आलेखात ४,००० हर्ट्झजवळ दिसणारी खाच ही या इजेची ओळख आहे. बोलणे ऐकू येते म्हणून ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, त्यामुळे बंदूक बाळगणाऱ्याने तक्रार नसतानाही ही तपासणी करून घ्यावी.