पांढरी-लाल पट्टी की पिवळी? फिजाकभोवतीच्या दोन प्रकारच्या पायवाटा

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील लॉत जिल्ह्यात, सेले नदीच्या काठी वसलेले फिजाक हे सुमारे दहा हजार वस्तीचे जुने शहर आहे. नवव्या शतकात येथे मठ उभा राहिला, मठाभोवती बाजारपेठ वाढली आणि तेराव्या-चौदाव्या शतकांतील व्यापाऱ्यांची दगडी घरे आजही राहती आहेत. तळमजल्यावर दुकानांच्या टोकदार कमानी आणि छपराखाली वाळवण घालण्यासाठी मोकळा सोडलेला माळा, अशी या घरांची ठेवण असून त्या माळ्याला स्थानिक बोलीत ‘सोलेयो’ म्हणतात. इजिप्तच्या चित्रलिपीचे वाचन करणारा शांपोलियों १७९० मध्ये याच शहरात जन्मला आणि त्याच्या जन्मघरात आता जगातील लिप्यांचे संग्रहालय आहे. शहर पाहायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी आसपासच्या टेकड्यांवर सहज फिरून यावे म्हणून निघालेल्या पाहुण्याला दिव्याच्या खांबावर, घराच्या कोपऱ्यावर किंवा पुलाच्या कठड्यावर रंगाच्या छोट्या पट्ट्या दिसतात. काही पट्ट्या वर पांढऱ्या आणि खाली लाल अशा जोडीने असतात, तर काही नुसत्या पिवळ्या असतात. पहिली खूण ‘जीआर’ वाटेची आणि दुसरी ‘पीआर’ वाटेची. (महाराष्ट्रात जीआर म्हटले की शासन निर्णय आठवतो, येथे त्याचा संबंध केवळ पायांशी आहे.) या दोन खुणांमधील फरक बहुतेक जण चुकीचा समजतात, आणि ही चूक नावापासूनच सुरू होते.

जीआर म्हणजे ‘ग्रांद रांदोने’, अर्थात मोठी पदभ्रमंती. या वाटांची कल्पना दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ज्यां लोआझो या पदयात्रीने मांडली. १९४७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑर्लेआं ते बोजांसी या लोआर नदीकाठच्या टप्प्यावर पहिली वाट खुली झाली. त्या समितीचेच पुढे फ्रेंच पदभ्रमण महासंघात रूपांतर झाले. आज देशभर या महासंघाशी जोडलेल्या आणि खुणा केलेल्या वाटांची एकूण लांबी १,८०,००० किलोमीटरहून अधिक आहे, आणि हातात रंगाचा डबा व ब्रश घेऊन या खुणा ताज्या ठेवण्याचे काम प्रामुख्याने हजारो स्वयंसेवक करतात.

पीआरचा अर्थ मात्र अनेक फ्रेंच माणसेसुद्धा ‘पतित रांदोने’, म्हणजे छोटी पदभ्रमंती, असाच सांगतात. महासंघाच्या व्याख्येनुसार ही अक्षरे ‘प्रॉमनाद ए रांदोने’ या शब्दांची आहेत आणि त्यांचा अर्थ फेरफटका व पदभ्रमंती असा होतो. ‘पी’मध्ये लहानपणा मुळात नाही. तरीही एक मोठे आणि एक छोटे अशी जोडी मनात पक्की बसते, आणि मग मोठे ते अवघड व छोटे ते सोपे हा निष्कर्ष आपोआप निघतो. फिजाकसारख्या ठिकाणी तो निष्कर्ष जवळजवळ उलटा ठरतो.

फिजाकमधून जाणारी मुख्य जीआर वाट क्रमांक ६५ ही ल प्वी या शहरातून निघून स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रामार्गाला धरून चालते. १९९८ मध्ये युनेस्कोने फ्रान्समधील या यात्रामार्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा अनेक देवळे, पूल आणि धर्मशाळांबरोबर प्रत्यक्ष वाटेचे सात टप्पेही यादीत घेतले गेले. मोंरदों ते फिजाक आणि फेसेल ते काजार्क हे त्यांपैकी दोन टप्पे शहराच्या दोन बाजूंना आहेत, आणि फिजाकमधील सेंट जेम्सच्या नावाचे यात्रेकरूंचे जुने रुग्णालयही त्याच यादीत आहे. एवढा मानमरातब असलेली वाट खडतर असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती फिजाकमधून सेले नदी ओलांडते, एक दमछाक करणारी परंतु आटोपशीर चढण चढते, सँग्ल येथील दगडी स्तंभाजवळ पोहोचते आणि तेथून बरीचशी धारेने, अधूनमधून गावांच्या अरुंद डांबरी रस्त्यांवरून, फेसेल या लॉत नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवून बसलेल्या गावाला जाते. अंतर सुमारे आठ किलोमीटर. सुरुवातीची चढण सोडली तर या टप्प्यात अवघड असे काही नाही, कारण मध्ययुगीन यात्रेकरूला शौर्य गाजवायचे नव्हते. त्याला रात्रीपर्यंत पुढच्या धर्मशाळेत पोहोचायचे होते आणि त्याची वाट त्या हिशेबानेच पडली.

वाटेत भेटणारा सँग्लचा स्तंभ स्वतःच गोंधळात टाकणारा आहे. फिजाकचे लोक त्याला ‘सुई’ म्हणतात. अशा दोन सुया शहराबाहेरच्या उंचवट्यांवर उभ्या आहेत, दुसरी लिसाकच्या दिशेने पश्चिमेला. दोन्ही आठ बाजूंच्या, मध्ययुगीन आणि लांबून सारख्याच दिसणाऱ्या. मठाच्या संरक्षित हद्दीच्या त्या खुणा असाव्यात असे सामान्यतः मानले जाते. नकाशावर केवळ ‘सुई’ असा उल्लेख पाहून निघालेला माणूस भलत्याच टेकडीवर पोहोचू शकतो, म्हणून कोणती सुई हे आधी विचारून घेतलेले बरे.

आता मूळ फरकाकडे येऊ. जीआर वाट एका गावातून दुसऱ्या गावाला, दुसऱ्यातून तिसऱ्याला अशी पुढे पुढे जाते. तिच्यावर चालणाऱ्याच्या पाठीवर सामान असते आणि मुक्काम रोज बदलतो, हे तिने गृहीत धरलेले आहे. पीआर वाट सहसा वर्तुळाकार असते. गावातील चर्चसमोरच्या चौकातून किंवा जुन्या धुणी धुण्याच्या हौदापासून ती निघते आणि एका दिवसाच्या आत, अनेकदा दोन-तीन तासांतच, त्याच जागी परत आणून सोडते. म्हणजे एक वाट तुम्हाला नेते आणि दुसरी परत आणते. सोपे-अवघड हा विचार त्यानंतरचा आहे.

फेसेलचेच उदाहरण घेऊन हिशेब करू. महासंघाच्या मार्गदर्शिकांमध्ये साधारण ताशी चार किलोमीटर या गतीने वेळ काढलेली असते आणि त्यात थांबे धरलेले नसतात. आठ किलोमीटरची पीआर फेरी या हिशेबाने दोन तासांची होते आणि त्यानंतर तुम्ही पुन्हा आपल्या गाडीपाशी असता. जीआर ६५ वरून फेसेलला गेल्यावर मात्र दोन तासांनी तुम्ही फेसेललाच असता. त्याच वाटेने परतायचे तर सोळा किलोमीटर आणि चार तास होतात, शिवाय दुपारचे जेवण आणि फोटो यांचा वेळ वेगळा. सहज फिरायला म्हणून निघालेल्या कुटुंबाची तारांबळ उडते ती चढणीने नव्हे, या दुपटीने. जीआरवर चालायचे असेल तर परतीचा विचार निघण्यापूर्वी करावा: एकतर अर्ध्या वेळेला मागे वळावे, किंवा दुसऱ्या टोकाला गाडीची सोय ठेवावी. जीआर वाटांच्या खुणा दोन्ही दिशांनी रंगवलेल्या असल्यामुळे उलट चालण्यास काहीच अडचण नसते. फक्त समोरून येणाऱ्या यात्रेकरूंना वाटत राहते की या माणसाचा रस्ता चुकला आहे.

अवघडपणाचा दर्जा कळावा म्हणून पीआरच्या पुस्तिकांमध्ये हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग वापरण्याची पद्धत रूढ झाली. हिरवा अगदी सोप्यासाठी आणि काळा कठीणासाठी. येथे नव्या गोंधळाची सोय झाली, कारण पुस्तिकेतील लाल रंग मध्यम कष्टाची फेरी सांगतो, तर झाडावरील पांढऱ्याखालचा लाल रंग कष्टांविषयी काहीही सांगत नाही. जमिनीवरची पट्टी ‘ही कोणत्या जातीची वाट आहे’ एवढेच सांगते. ती किती चढते हे समजण्यासाठी नकाशावरच्या समोच्च रेषाच वाचाव्या लागतात.

पट्ट्यांची भाषा मात्र दोन्ही वाटांसाठी एकसारखी आणि अतिशय काटकसरी आहे. आडवी पट्टी दिसली की सरळ चालत राहावे. पट्टीखाली वळलेला बाण दिसला की त्या बाजूला वळावे. फुलीसारखी खूण दिसली की ही वाट नव्हे असे समजून मागे फिरावे. जीआरची फुली एका पांढऱ्या आणि एका लाल रेषेची असते, तर पीआरची दोन्ही पिवळ्या रेषांची. सह्याद्रीतील किल्ल्यांवर कातळावर रंगवलेल्या बाणांच्या भरवशावर चालणाऱ्यांना यात नवीन वाटावी ती ही फुलीच, कारण आपल्याकडचा बाण कोठे जावे हे सांगतो, कोठे जाऊ नये हे सांगत नाही. फ्रान्समध्ये बराच वेळ एकही पट्टी दिसली नाही तर ती दिसत नाही हीच खूण मानावी आणि शेवटच्या पट्टीपर्यंत परत यावे. यात्रामार्गावर या यात्रेची ओळख असलेल्या शिंपल्याची चिन्हेही दिसतात, परंतु शिंपल्याच्या रेषा कोणत्या बाजूला जुळतात यावरून दिशा ठरवण्याचा प्रघात सर्वत्र एकसारखा नाही. त्यामुळे जीआर ६५ वर पांढऱ्या-लाल पट्टीवर विसंबणे श्रेयस्कर.

दोन्ही वाटा काही अंतर एकाच पायवाटेवरून जातात तेव्हा खरी चूक होते. अशा सामाईक टप्प्यावर दोन्ही रंग एकत्र असू शकतात किंवा एकच असू शकतो. पुढे एखाद्या फाट्यावर पिवळी फेरी गावाकडे वळते आणि पांढरी-लाल पट्टी सरळ निघून जाते. गप्पांच्या नादात माणूस समोरच्या पट्टीमागे चालत राहतो, पट्टी खरीच असते, फुलीही कोठे दिसत नाही आणि तरी चूक झालेली असते. यात भर घालण्यासाठी तिसरा प्रकारही आहे: ‘जीआर द पेई’, म्हणजे एखाद्या प्रदेशाची अनेक दिवसांची परिक्रमा, आणि तिची खूण वर पिवळी व खाली लाल. घाईत पाहणाऱ्याला ती वरून पीआर आणि खालून जीआर वाटते.

क्रमांकांकडे लक्ष दिले तर मात्र जीआर वाटा बरेच काही सांगतात. फिजाकच्या पश्चिमेला बेद्युएर येथे ६५ मधून ६५१ क्रमांकाची वाट फुटते. मूळ क्रमांकाला एक आकडा जोडला की ती त्या वाटेची शाखा. ही ६५१ सेले नदीच्या अरुंद खोऱ्यात उतरते, एस्पान्याक येथील जुन्या मठावरून आणि कड्यांखाली दडलेल्या गावांमधून जाते. माझ्या मते या परिसरातील सर्वांत सुंदर चाल तीच आहे, पण ती एका दिवसाची नाही. उत्तरेला ६ क्रमांकाची वाट कार्दायाक या बुरुजांच्या गावावरून रोकामादूरच्या देवस्थानाकडे जाते. पीआर फेऱ्यांचे असे राष्ट्रीय वंशवृक्ष नसतात. त्या गाव, जिल्हा किंवा पर्यटन कार्यालय यांनी आखलेल्या असतात आणि त्यांची माहिती गावातच मिळते. आयजीएन या राष्ट्रीय नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर जीआर वाट लाल रेषेने ठळक छापलेली असते. पीआर फेरी तेथे शोधून सापडेलच असे नाही. म्हणून नकाशा घरून आणता येतो, पण पिवळ्या फेरीचा कागद तेथील कार्यालयातूनच घ्यावा.

कागद घेताना वाट कोणत्या दिशेची आहे हेही विचारावे, कारण फिजाक तीन वेगवेगळ्या मातींच्या सीमेवर आहे आणि चालण्याचा अनुभव मातीवर ठरतो. पूर्वेकडचा सेगाला हा आम्लयुक्त जमिनीचा, चेस्टनटच्या झाडांचा आणि ओल्या हिरव्या उतारांचा प्रदेश. राय या धान्याच्या नावावरून त्याला हे नाव पडले. पश्चिमेला कॉस नावाचे चुनखडीचे कोरडे पठार आहे: खुरटे ओक, जुनिपर, चुना-माती न वापरता रचलेले गडगे आणि मेंढपाळांच्या गोल दगडी खोपी. पाऊस तेथे चुनखडीत मुरून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात वाटेवर पाण्याची आशा धरू नये; प्रत्येकी किमान दीड लिटर पाणी सोबत ठेवावे. या दोहोंच्या मध्ये लिमार्ग हा सुपीक चिकणमातीचा पट्टा आहे आणि पावसानंतर बुटांना धरून ठेवणारा चिखल बहुधा तेथलाच असतो. शरद ऋतूत व हिवाळ्यात शिकारीचा हंगाम असतो. वाटेवर शिकार सुरू असल्याची पाटी दिसली तर पट्टी कोणत्याही रंगाची असो, वाट बदलावी.

या वाटा टिकून राहण्यामागे कायद्याचाही हात आहे. १९८३ च्या विकेंद्रीकरणाच्या कायद्याने पायवाटांचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी जिल्ह्यांवर आली आणि त्या आराखड्यात नोंदलेली ग्रामीण वाट नांगराखाली किंवा कुंपणाआड सहजासहजी जाऊ शकत नाही. जीआर आणि पीआर दोन्ही अशा आराखड्यात असू शकतात.

मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, गाडी फेसेल किंवा कार्दायाकच्या चौकात लावलेली असेल आणि दुपारच्या जेवणापर्यंत परत यायचे असेल, तर पिवळी पट्टी धरावी. फिजाकच्याच मुक्कामावरून निघून यात्रेकरूंच्या वाटेची चव घ्यायची असेल, तर सकाळी पांढऱ्या-लाल पट्टीने सँग्लच्या सुईपर्यंत चढावे, दगडी पायथ्याशी बसून खाली कौलारू छपरांचे शहर पाहावे आणि धारेवरून जेवढे पुढे जावेसे वाटेल त्याच्या निम्म्यावरच घड्याळ पाहावे.