चावी फिरते, पण गाडी ओळखत नाही

पानशेतला पावसात गाडीची एक चावी पाण्यात गेली. दुसरी घरी होती. तिच्यावरून मी सिग्नलपाशी बसणाऱ्या चावीवाल्याकडून दीडशे रुपयांत नक्कल करून घेतली. दार उघडलं, चावी फिरली, सेल्फ लागला. इंजिन दोन सेकंद घुरघुरलं आणि गप्प झालं. मीटरमध्ये चावीच्या आकाराचा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत, गाड्यांच्या चाव्या बनवणारे एक काका बसतात. त्यांनी मला आधी गंमत दाखवली. माझी चांगली, कंपनीची चावी घेतली, डब्यातल्या पोळीचा फॉइल तिच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि म्हणाले, "आता लावा." तोच दिवा, तेच गप्प इंजिन! फॉइल काढला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

मग त्यांनी ब्लेडने चावीचं प्लॅस्टिकचं डोकं उघडलं. आत डाळिंबाच्या दाण्याएवढा काळा तुकडा. तीच चिप. तिला सेल लागत नाही. चावी घालतो त्या भोकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यात बहुतेक गाड्यांत सेकंदाला सव्वा लाख वेळा, म्हणजे १२५ किलोहर्ट्झने, उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह खेळतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपमधल्या इवल्या वेटोळ्यात वीज तयार होते. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व, फक्त मध्ये हवा. तेवढ्या उसन्या विजेवर चिप जागी होते आणि बोलते. दार उघडणारं रिमोटचं बटण हे वेगळं प्रकरण. त्याला सेल लागतो, पण तो संपला तरी गाडी सुरू होते ती यामुळेच. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही सेल संपला की बहुधा रिमोट ठरावीक जागी किंवा थेट बटणाला टेकवायचा असतो, तोही याच कारणाने.

सुरुवातीच्या चिपा फक्त आपला ठरलेला क्रमांक सांगायच्या. गडाच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द सांगावा तसा. अडचण उघड आहे: शेजारी उभ्या असलेल्याने तो ऐकला की तोही आत. म्हणून पुढे पद्धत बदलली. गाडी दर वेळी एक नवीच यादृच्छिक संख्या फेकते. चिप स्वतःजवळची गुप्त संख्या वापरून त्यावर गणित करते आणि फक्त उत्तर पाठवते. गाडीनेही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली तरच इंजिनाच्या संगणकाला इंधन सोडायची परवानगी मिळते. गुप्त संख्या हवेत कधी उच्चारलीच जात नाही.

ती ओळखणं सोपं नाही. 'हिटॅग-२' या खूप चाललेल्या चिपमध्ये ती ४८ बिटांची, म्हणजे शक्यता २८१ लाख कोटींच्या वर. तरी २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी तिच्या गणितातल्याच उणिवा हेरून सहा मिनिटांत गुप्त संख्या काढता येते हे दाखवलं. कुलूप मोठं असून भागत नाही, कडीही धड लागते. नव्या चिपांत म्हणूनच 'एईएस' ही जास्त मजबूत पद्धत आली.

आता काकांचं काम. पातं मशीनवर कापायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला त्यांनी हातातलं यंत्र जोडलं. खरी कारागिरी इथे आहे, आणि लोक पैसे देताना नेमकी हीच विसरतात. गाडीचा सिक्युरिटी कोड दिल्याशिवाय ती नवी चिप नोंदवून घेत नाही. कोड पटला, की चाव्या एकेक करून लावायच्या. गाडी प्रत्येकीला आपल्या वहीत घेते.

"घरातल्या सगळ्या चाव्या आणल्यात ना?" काकांनी दोनदा विचारलं. कारण बऱ्याच गाड्यांत नवी नोंद करताना जुनी वही पुसली जाते. जी हजर नाही ती बाद.

एकही चावी उरली नसेल तर मात्र काम वाढतं. काही गाड्यांचं इमोबिलायझरचं, म्हणजे चावी ओळखणारं, युनिट डॅशबोर्डखालून काढावं लागतं. त्यातल्या आठ पायांच्या मेमरी चिपमधला डेटा वाचून त्यावरून नवी चिप तयार करायची. वाचताना एक पाय हलला तर काय होतं, हे सांगताना काकांनी नुसतीच मान हलवली.

आरसी आणि लायसन्स बघितल्याशिवाय ते यंत्राला हात लावत नाहीत. टपरीवर पाटीच आहे: 'कागदपत्रं नसतील तर चावी मिळणार नाही. "गाडी माझीच आहे हो" हे कागदपत्र नाही.'

पैसे देताना मी विचारलं, पानशेतची चावी कुणाला सापडली तर?

"गाडी सुरू व्हायची नाही," काका म्हणाले. "पण पातं तेच आहे, दार उघडेल. छत्री आत ठेवत जाऊ नका."