मद्यार्काचे मेंदूवरील व शरीरावरील परिणाम

मद्यार्क (एथिल अल्कोहॉल, एथेनॉल) हा मद्यातील झिंग आणणारा घटक. त्याचा रेणू लहान असून पाण्यात पूर्ण मिसळतो. त्याला पचनाची गरज लागत नाही. थोडा भाग जठरात व बहुतेक लहान आतड्यात शोषला जातो. भरल्या पोटी मद्य आतड्यात उशिरा उतरते, म्हणून झिंगही सावकाश चढते. मेदात तो फारसा शिरत नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा वाटा सरासरीने कमी असल्याने तेवढ्याच वजनाच्या स्त्रीच्या रक्तात त्याची पातळी अधिक चढते. एरिक विडमार्क या स्वीडिश वैज्ञानिकांनी १९३२ मध्ये प्यालेल्या मद्यावरून व वजनावरून रक्तातील पातळी काढण्यासाठी दिलेले गुणक (पुरुष सुमारे ०·६८, स्त्रिया ०·५५) न्यायवैद्यकात अजून वापरात आहेत.

यकृतात त्याचे ॲसिटाल्डिहाइड व पुढे ॲसिटेट होते. पहिल्या पायरीवरील एंझाइम थोड्याच मद्यार्काने पूर्ण गुंतून जाते, त्यामुळे रक्तातील पातळी जवळजवळ ठरावीक गतीने, म्हणजे १०० मिलि. रक्तामागे ताशी सुमारे १५ मिग्रॅ. इतकी उतरते. कडक कॉफीने वा गार पाण्याच्या अंघोळीने ही गती वाढत नाही. पूर्व आशियातील अनेकांत दुसऱ्या पायरीवरील एंझाइम जन्मतःच दुबळे असते. ॲसिटाल्डिहाइड साचून त्यांचा चेहरा लालबुंद होतो व छाती धडधडते.

मेंदूवरील क्रिया : मद्यार्क उत्तेजक आहे ही समजूत जुनी असली, तरी तो शामक आहे. संयम राखणारी केंद्रे आधी सैलावतात, म्हणून माणूस मोकळा झाल्यासारखा वाटतो. ही क्रिया नेमकी कोठे घडते याविषयी मात्र दीर्घकाळ वाद होता. हान्स मायर (१८९९) व चार्ल्स ओव्हर्टन (१९०१) यांना स्वतंत्रपणे असे आढळले, की भूल आणणारा पदार्थ तेलात जितका अधिक विरघळतो, तितका तो प्रभावी ठरतो. यावरून कोशिकापटलातील (पेशीच्या आवरणातील) मेद ढिला पडून झिंग येते, असा तर्क रूढ झाला. त्यातील अडचण साधी होती : झिंगेपुरत्या मद्यार्काने पटलात होणारा बदल शरीराचे तापमान एखाद्या अंशाने वाढले तरी होतो, पण तापाने कोणी झिंगत नाही. शिवाय अल्कोहॉलांची कार्बनशृंखला लांबत गेली, की सुमारे बारा-तेरा कार्बननंतर प्रभाव थांबतो, मेदविद्राव्यता मात्र वाढतच राहते. फ्रँक्स व लीब यांनी १९८४ मध्ये भूलद्रव्ये मेदरहित प्रथिनालाही (काजव्याच्या ल्युसिफरेजला) बांधली जातात, हे दाखविले. १९९७ मध्ये गॅबा व ग्लायसीन (चेतापेशींना शांत करणारी संदेशवाहक द्रव्ये) यांच्या ग्राहींतील, म्हणजे त्यांचे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांतील, एकेक ॲमिनो अम्ल बदलताच मद्यार्काचा परिणाम नाहीसा होतो, असे दिसून आले. त्यामुळे मद्यार्क मेदावर नव्हे तर प्रथिनांवर क्रिया करतो, हा पक्षच आज अधिक ग्राह्य वाटतो. तथापि एकच ग्राही पुरेसा ठरलेला नाही. ग्लुटामेटाचे ग्राही व पोटॅशियम मार्गिकाही त्यात गुंतलेल्या आहेत.

अंथरुणावर पडताच खोली फिरू लागते, त्याचे कारण मात्र भौतिक आहे. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांत एक जेलीसारखा पडदा असतो. पाण्याहून हलका मद्यार्क भोवतालच्या द्रवाआधी त्यात शिरतो. पडदा तरंगू लागतो व मेंदूला फिरण्याचा चुकीचा संदेश जातो. काही तासांनी मद्यार्क पडद्यातून आधी बाहेर पडतो, तेव्हा हाच भास उलट्या दिशेने होतो. साध्या पाण्याहून जड असे ‘जड पाणी’ (ड्यूटेरियमयुक्त) प्यायल्यास पहिल्याच टप्प्यात दिशा उलटते, हे १९७४ मध्ये दाखविले गेले.

इतर परिणाम : मूत्र रोखणारे संप्रेरक दबल्याने लघवी वाढते. त्वचेतील वाहिन्या रुंदावल्याने ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते. दीर्घकाळ मद्यपान केल्यास यकृतात मेद साचणे, दाह व सूत्रण रोग (सिऱ्होसिस) संभवतात. मद्य हे कर्ककारक असल्याचे वर्गीकरण १९८८ मध्ये झाले.

यकृतहानी कुपोषणामुळे की मद्यार्कामुळे, या प्रश्नावर चार्ल्स लीबर यांच्या प्रयोगांनंतर मद्यार्काचाच दोष मानला जाऊ लागला. मेंदूच्या एका विकारात निर्णय उलट लागला. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये गोंधळ, डोळ्यांची अडखळती हालचाल व तोल जाणे ही लक्षणे तीन रुग्णांत वर्णिली. दोघे मद्यपी होते. तिसरी, सल्फ्यूरिक अम्ल प्यायल्यानंतर सतत उलट्या होणारी तरुणी. तिघांनाही जोडणारे कारण, थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) या घटकाची उणीव, पुढे उलगडले.