पिल्लू पायपुसण्यावरच का करतं?

दहा आठवड्यांचं, जेमतेम सव्वा किलोचं कुत्र्याचं पिल्लू. सकाळी सहाला त्याला खाली नेलं. वीस मिनिटं त्यानं एक वाळकं पान चावलं, मुंग्यांच्या रांगेत नाक खुपसलं, लांबून गेलेल्या सायकलकडे मान तिरकी करून बघितलं. ज्यासाठी नेलं होतं ते सोडून सगळं केलं. वर आलो, पट्टा काढला, चपला काढायला वाकलो, तेवढ्यात ते पायपुसण्यावर जाऊन मागचे पाय फाकवून बसलं आणि अतिशय निवांत चेहऱ्यानं मोकळं झालं.

"मुद्दाम करतो हा," आतून आवाज आला.

छोट्या जातीचं पिल्लू पाळलेल्या बहुतेक घरांत हे वाक्य कधी ना कधी उच्चारलं जातं. मुद्दाम काही नसतं. पण योगायोगही नसतो. त्या पायपुसण्यामागे बरंच शरीरशास्त्र दडलेलं असतं आणि ते एकदा कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. उरलेली निम्मी फडकं पिळताना होतेच.

सुरुवात जन्मापासून करू. नवजात पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई पोटाखालचा भाग चाटते, त्या स्पर्शानं मज्जारज्जूतली एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते आणि मूत्राशय रिकामं होतं. जे बाहेर येतं ते आईच चाटून टाकते, त्यामुळे झोपायची जागा कोरडी राहते. साधारण तिसऱ्या आठवड्यात हे काम हळूहळू मेंदूकडे येऊ लागतं. त्याच सुमारास पिल्लं लटपटत चालायला लागतात आणि झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन उरकतात. म्हणजे 'जिथे झोपायचं तिथे घाण करायची नाही' हा धडा आपण शिकवतच नाही, तो पिल्लू सोबत घेऊन येतं. अरुंद, घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांच्या बाबतीत मात्र हा धडा पुसला गेलेला असतो आणि त्यांना सवय लावणं फार जड जातं.

पिल्लाच्या लेखी 'झोपायची जागा' म्हणजे त्याचं अंथरूण आणि आजूबाजूची हातभर जमीन. दोन-तीन खोल्या मिळून एक 'घर' होतं आणि ते सगळंच्या सगळं स्वच्छ ठेवायचं असतं, ही कल्पना आपली. दीड वीत उंचीच्या प्राण्याला सोफ्यामागचा कोपरा हा परगाव वाटला तर त्यात नवल नाही.

दुसरी गोष्ट पायाखालच्या स्पर्शाची. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात पिल्लाची आवड पक्की होऊ लागते, की पायाला अमुक लागलं म्हणजे इथे करायचं. गवतावर वाढलेलं गवत शोधतं, चिंध्यांवर वाढलेलं कापड शोधतं. आता पिल्लांसाठी मिळणारे शू-पॅड आठवा. मऊ, शोषून घेणारे, जमिनीपेक्षा किंचित वर. पायपुसणंही तसंच, बाथरूमबाहेरचं मॅटही तसंच आणि पलंगावरून लोंबणारी चादरही तशीच. पॅडवर शिकवलेल्या पिल्लानं पायपुसणं निवडलं तर त्यानं आपण शिकवलेलंच अचूक वापरलं! म्हणून पॅड वापरायचेच असतील तर त्या काळात घरातली पायपुसणी उचलून ठेवावीत. नाहीतर गवतासारखा पृष्ठभाग असलेला ट्रे आणावा, तो घरातल्या कशाशीच मिळताजुळता नसतो.

पण मग बाहेर वीस मिनिटांत शू का नाही केली? मूत्राशय म्हणजे स्नायूंची लवचीक पिशवी. ती भरत असते तेव्हा भिंतीचा स्नायू सैल असतो आणि तोंडाशी असलेले झडपेसारखे स्नायू आवळलेले असतात. रिकामं करताना नेमकं उलटं होतं. या दोन अवस्थांमधली कळ फिरवणारं केंद्र मेंदूच्या देठात असतं. ब्रिटिश संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं आणि आजही त्या केंद्राला त्यांचंच नाव आहे. साठवण्याच्या बाजूला असते अनुकंपी चेतासंस्था. सावध राहायला, पळायला, लढायला लावणारी तीच ती. मोकळं होण्याच्या बाजूला परानुकंपी, म्हणजे निवांतपणाची. सायकल, मुंग्या, अनोळखी वास यांनी पिल्लू खाली उत्तेजित झालेलं असतं आणि साठवणारी बाजू वरचढ असते. घरात आलं, ओळखीचा वास आला, जीव भांड्यात पडला आणि कळ फिरली. आपल्याला तो लबाडपणा वाटतो.

यावर उपाय अगदी कंटाळवाणा आहे, आणि कंटाळवाणा असणं हाच त्याचा गुण. रोज एकाच जागी जायचं, पट्टा आखूड धरायचा, झाडासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, खेळवायचं नाही. पाच-सात मिनिटांत आजूबाजूची नवलाई ओसरते आणि नाक जमिनीला लागतं. केल्याबरोबर लगेच वर घेऊन येऊ नये, ही चूक मी पहिले दोन आठवडे करत होतो. शू झाली की फेरी संपते, एवढा हिशेब पिल्लू झटकन मांडतं आणि मग फेरी लांबवण्यासाठी धरून ठेवतं. आधी काम आणि मग हुंदडणं, असा क्रम लावला की ते स्वतःच घाई करू लागतं.

आता आकाराबद्दल. छोट्या जाती 'हट्टी' असतात असं सर्रास म्हणतात, पण त्यांची गणितातली बाजू कुणी बघत नाही. ३० किलोचा कुत्रा आणि २ किलोचा कुत्रा घ्या. वजनात १५ पटींचा फरक आहे आणि मूत्राशयाचं माप साधारण वजनाच्याच प्रमाणात बदलतं, म्हणून तेही १५ पटींनी लहान. शरीराची भट्टी मात्र त्या प्रमाणात मंदावत नाही. शरीरशास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडलेल्या नियमानुसार प्राण्याचा ऊर्जाखर्च वजनाच्या पाऊण घाताप्रमाणे बदलतो. आकडे घालून बघितलं तर छोट्या कुत्र्याचा खर्च १५ पटींनी नव्हे, साडेसात पटींनीच कमी निघतो. म्हणजे किलोमागे भट्टी दुप्पट वेगानं पेटलेली, त्याच वेगानं पाणी लागणार आणि टाकाऊ पदार्थ बाहेर पडणार, पण साठवायची टाकी मात्र त्या मानानं मोठी नाही. त्यात पिल्लाचं मूत्रपिंड अजून कच्चं असतं, त्याला मूत्र मोठ्या कुत्र्याइतकं दाट करता येत नाही, त्यामुळे पाणी जास्त बाहेर पडतं. सव्वा किलोच्या पिल्लाच्या मूत्राशयात सोयीनं मावणारं मूत्र चमच्यांनीच मोजावं लागतं.

पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास ते धरू शकतं, असा एक अंदाज प्रचलित आहे. दोन महिन्यांचं म्हणजे तीन तास. छोट्या जातीसाठी मी यातून सरळ तासभर वजा करीन, आणि जागेपणी तर आणखी कमी. झोपेत मूत्र कमी तयार होतं, त्यामुळे रात्री तेच पिल्लू आश्चर्य वाटावं इतका वेळ काढतं. "रात्री जमतं, मग दिवसा का नाही?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

घड्याळापेक्षा प्रसंग जास्त भरवशाचे असतात. झोपेतून उठल्यावर लगेच, खेळ रंगात आल्यावर, पाणी पिऊन थोड्या वेळानं. जेवणानंतर तर नक्कीच. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला पुढे ढकलण्याचा इशारा जातो, म्हणून खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात शी होते. मी आठवडाभर वहीत वेळा टिपल्या आणि आधी मनमानी वाटणारं वागणं रेल्वेच्या वेळापत्रकासारखं दिसायला लागलं. लक्षणंही ठरलेली होती. तोंडातला मोजा अचानक सोडून द्यायचा, नाक लादीला, चाल भराभर, आणि मग छोटी गोल चक्कर. चक्कर सुरू झाली की आपल्याकडे तीन-चार सेकंद उरतात.

तीन-चार सेकंद हे कमीच. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांच्या चमूनं २०१४ साली दाखवलं की तीन किलोंपेक्षा जड सस्तन प्राणी, मग ती बकरी असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला सरासरी २१ सेकंद घेतात. या कामाला पुढच्या वर्षी इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. आपलं पिल्लू त्या तीन किलोंच्या रेषेखालचं, त्याचं क्षणात उरकतं. थारोळंही नाण्याएवढं. ते कुणाला दिसत नाही, वाळून जातं, आणि घरातल्या लोकांना वाटतं की आज काही झालं नाही.

खरी मेख इथे आहे. मोकळं होणं हेच मुळात बक्षीस असतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले, त्यातून पुढे 'परिणामाचा नियम' आला. ज्या कृतीनंतर बरं वाटतं, ती पुन्हा होते. पायपुसण्यावर केलं, बरं वाटलं. आपण बघितलं काय, न बघितलं काय, पायपुसण्यानं रोख मोबदला चुकता केलेला असतो. आणि फर्स्टर व स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली विस्तारानं मांडलं त्याप्रमाणे, कधी मिळणारं आणि कधी न मिळणारं बक्षीस सवयीला जास्त चिवट करतं. पाच दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष आणि सुट्टीच्या दिवशी 'जाऊ दे आज', हे वेळापत्रक सवय मोडण्याऐवजी ती पक्की करतं. म्हणून मोकळं सोडायचं तर नजरेसमोर. नजर ठेवता येत नसेल तर पट्टा आपल्या कमरेला, नाहीतर क्रेट, म्हणजे पिल्लाला ठेवायचा छोटा पिंजरा. क्रेटही उभं राहता, वळता, पसरता येईल एवढंच असावं. मोठं घेतलं तर एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला संडास होतो.

व्हिएन्नातल्या संशोधकांनी १,२७६ कुत्रेमालकांकडून माहिती घेऊन २०१० साली एक तुलना प्रसिद्ध केली. छोट्या कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सातत्य ठेवतात आणि त्यांची कुत्री कमी आज्ञाधारक असतात, असं त्यात दिसलं. मला हे लगेच पटलं. चाळीस किलोच्या कुत्र्याच्या थारोळ्यावर आपण तातडीची कौटुंबिक बैठक घेतो, सव्वा किलोच्या पिल्लाच्या थेंबांवर पाय पडला तर मोजे बदलतो.

आपलं बक्षीस पायपुसण्याच्या बक्षिसाला हरवायचं असेल तर ते तितकंच झटपट हवं. खाऊ खिशात हवा, आणि शू संपल्याबरोबर एक-दोन सेकंदांत तोंडात. वर येऊन डब्यातून काढून दिला तर पिल्लाच्या मते तो खाऊ दारातून आत आल्याबद्दल मिळाला.

ओरडण्याबद्दल थोडं. "त्याला कळतं की चुकलं, बघा कसं तोंड करतो," असं लोक म्हणतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे तपासलं. कुत्र्यानं खरंच आगळीक केली होती की नाही, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा, निर्दोष असला तरी. तासाभरापूर्वीच्या डागाशी नेऊन नाक घासलं तर पिल्लू इतकंच शिकतं की माणसासमोर करणं धोक्याचं आहे. मग ते बाहेर, पट्ट्यावर, तुमच्या देखत करायलाही घाबरतं आणि सोफ्यामागे जातं. वाकून जवळ गेल्यावर काही पिल्लं दबून थेंब सोडतात, तो तर दबलेपणाचा इशारा असतो. त्यावर रागावलं की थेंब वाढतात.

डाग पुसतानाही एक चूक सहज होते. मूत्रातल्या युरियाचं जिवाणूंच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) अमोनियात रूपांतर होतं, आणि अमोनिया असलेल्या क्लीनरनं लादी पुसली की त्या जागेला आपणच पुन्हा तोच वास देतो. आपल्याकडे वासग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत, कुत्र्याकडे सुमारे ८००. आपल्या नाकाला स्वच्छ वाटणारा कोपरा त्याच्यासाठी पाटी लावलेला असतो. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावं, घासू नये, आणि मग विकरयुक्त क्लीनर वापरावा.

शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं किंवा जेवण टाळणं मात्र अजिबात नको. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर घसरून ती लटपटू लागतात, झटके येऊ शकतात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री फिरतात अशा जागा टाळाव्यात, पिल्लांच्या जिवावर बेतणारा पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. सवय लागलेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी बसू लागलं, मूत्रात रक्त दिसलं किंवा झोपेत सतत ठिबकू लागलं, तर प्रशिक्षण थांबवून पशुवैद्याकडे जावं.

आमच्या पिल्लाला पाच महिने लागले. शेवटचे काही आठवडे अडलं ते एका क्षुल्लक कारणानं. ते दाराशी जाऊन बसायचं, पण इतकं छोटं की कुणाला दिसायचंच नाही. मग दाराच्या कडीला दोरी बांधून, लादीपासून वीतभर उंचीवर एक घुंगरू अडकवलं. दर वेळी बाहेर पडताना त्याचं नाक त्याला लावलं. आठव्या दिवशी दुपारी घुंगरू वाजलं. धावत खाली नेलं, शू झाली, खाऊ मिळाला. त्या संध्याकाळी घुंगरू अकरा वेळा वाजलं आणि त्यातल्या नऊ वेळा खाली मांजर होतं. आता वाजलं की आम्ही त्याच ठरलेल्या कोपऱ्यात झाडासारखे उभे राहतो. पाच मिनिटांत काही झालं नाही तर परत वर.